सायकलचा बिल्ला

खलिफा सिटीत राहायला आलो तेव्हा आम्हा दोघांना पहिली भूल पडली ती रस्त्यांची. अबू धाबी विमानतळाजवळची ही वसाहत. उंच भिंतींआडचे व्हिला, जवळच मशीद, कोपऱ्यावर 'बकाला' म्हणजे आपलं वाण्याचं दुकान, आणि रस्ते असे सरळ नि सपाट की पुण्याच्या माणसाला सायकल काढावीशी वाटलीच पाहिजे. मग काय, घेतल्या दोन सायकली! उन्हाळ्यात त्या जिन्याखाली धूळ खातात, हेही कबूल करून टाकतो.

हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी सायकली गाडीवर लादून हुदैरियात बेटावर जातो. तिथे सायकलींना वेगळा रस्ता, आणि चालवायला पैसे पडत नाहीत. यास बेटावर तर फॉर्म्युला वनचा ट्रॅकच ठरावीक संध्याकाळी सायकलवाल्यांना मोकळा असतो. २०२१ मध्ये जागतिक सायकल संघटनेनं अबू धाबीला 'बाइक सिटी'चा मान दिला, तो आशियात पहिलाच.

गेल्या कोजागिरीला आटीव दूध पिता पिता आम्ही हे कौतुक सांगितलं आणि वादाला तोंड फुटलं. एक मित्र म्हणाले, "आम्ही गाडीचं रजिस्ट्रेशन भरतो, विमा भरतो, २०२१ पासून दर्बच्या कमानीखाली गर्दीच्या वेळी ४ दिरहम मोजतो. तुम्हाला मात्र फुकट रस्ता? द्या की वर्षाला शंभर दिरहम!"

खरं सांगतो, आम्ही गप्प झालो. शंभर दिरहम आम्हाला जड नव्हते.

पुण्याहून आलेले बाबा मात्र हसले. त्यांच्या तरुणपणी सायकलला म्युनिसिपालिटीचा कर होता. भरला की पत्र्याचा बिल्ला मिळे. पुलाच्या तोंडाशी तपासनीस दिसला की बिनबिल्ल्याची मंडळी मागच्या मागे वळत! "पण वेगळा रस्ता कोणी मागितला नाही," बाबा म्हणाले, "सगळा रस्ताच सायकलींचा होता." पुण्यात बीआरटीच्या कडेनं सायकल-ट्रॅक आले ते २००६ च्या सुमारास, सरकारी पैशातून. तोवर सायकलींची जागा स्कूटर-मोटारसायकलींनी घेतली होती.

आणखी एकानं इंजिनिअरी हिशेब मांडला. अमेरिकेत १९५८ ते १९६० मध्ये झालेल्या चाचण्यांत दिसलं की आसावरचा भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज सुमारे सोळा पट होते. त्या मानानं सायकल रस्ता झिजवते ती नावालाच. मित्र म्हणाले, "झिजवत नसेल, पण बांधायला तर पैसे लागतातच ना?" तेही खरंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी बकाल्यातला मुलगा पाण्याच्या बाटल्या घेऊन आला. सायकलवरूनच. डोक्याला हेल्मेट नाही, मागे खोका बांधलेला, आणि बाजूनं भरधाव गाड्या. तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही सायकल चालवतो हौसेला, तो पोटाला. बिल्ला निघाला तर आधी तोच पकडला जाणार, आणि शंभर दिरहम जाणार ते गावी पाठवायच्या पैशातून. साबणाच्या वडीवर २०१८ पासूनचा पाच टक्के व्हॅट तोही भरतोच की!

तेव्हा आमचं मत असं : हौसेच्या ट्रॅकवर आमच्याकडून खुशाल तिकीट घ्या. पण दुकानापासून घरापर्यंतची सुरक्षित मार्गिका सगळ्यांच्या तिजोरीतूनच व्हावी.

मित्रांना फोनवर हे सांगितलं. ते म्हणाले, "पुढच्या कोजागिरीला बोलू." तोवर आम्ही सायकलींत हवा भरून ठेवतो!