बारा व्होल्ट

अण्णांची जावा १९६८ ची, म्हैसूरची. तिथला कारखाना १९६१ मध्ये सुरू झाला आणि १९९६ मध्ये बंद पडला. किकचा आणि गिअरचा दांडा एकच, हे नवख्याला आजही पटत नाही.

दर रविवारी अण्णा पॉइंट घासत, फीलर गेजने फट ०.४ मिलिमीटर ठेवत. त्यांच्यामागे ते काम माझ्याकडे आले. मुख्याध्यापक झालो तरी रविवारी हात काळेच!

गेल्या पावसाळ्यात खानापूरहून बेळगावला येताना गाडीचा वेग कमी केला, तसा सहा व्होल्टचा दिवा पिवळा पडला. सायकलवाला हातभर अंतरावर आला तेव्हा दिसला. त्याने मला दिलेली शिवी रास्तच होती.

"बाबा, आता बारा व्होल्ट," मुलाने हट्ट धरला. मेस्त्री म्हणाला, "तेवढ्याच वॅटच्या दिव्याला करंट निम्मा लागतो, आणि जुन्या वायरींत वाया जाणारी वीज चौपटीने घटते." मी मराठीचा एम. ए.; शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना विचारून खात्री केली. मग डायनामो उतरला, त्याच्या जागी चुंबकाचा अल्टरनेटर आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसले. कॉइल, बॅटरी, हॉर्न, सगळे बल्बही बदलले. आता बॅटरी उतरली तरी ठिणगी पडते.

पुढच्या रविवारी सवयीने गेज काढला. घासायला पॉइंटच नव्हते.

"आज हात स्वच्छ?" हिने आतून विचारले.

अण्णांचा डायनामो फडक्यात गुंडाळला, गेज त्याच्याशेजारी ठेवला आणि डबा माळ्यावर चढवला.