घराबाहेरचें घर

गेल्या महिन्यांत आमच्या गिरगांवांतील चाळीच्या चौकांत भाडेकरूंची सभा भरली. चाळीचा पुनर्विकास होणार, तीन मजल्यांच्या जागीं चाळीस मजले उभे राहणार, म्हणून विकासकाकडील एक गृहस्थ रंगीत नकाशे घेऊन आले होते. सभेंत नाना प्रश्न निघाले. चटईक्षेत्र नक्की किती? खिडकी पूर्वेस कीं पश्चिमेस? पर्यायी जागेचें भाडें किती महिने मिळणार? आम्हीं स्वतः देवघराच्या कोनाड्याविषयीं विचारलें, हें येथें प्रांजळपणें नमूद केलें पाहिजे. सर्वांचें विचारून झाल्यावर तळमजल्यावरच्या काकूंनीं एकच प्रश्न केला : "एवढीं माणसं येणार, त्यांचं पाणी कुठून येणार नि सांडपाणी कुठं जाणार?" सभेंत हशा पिकला. "तें महापालिका पाहील हो, काकू!" असें कोणीसें म्हणालें, आणि तेवढ्यांत चहा आला.

आम्हीही हसलों. पण रात्रीं अंथरुणावर पडल्यावर तो प्रश्न कांहीं केल्या डोळा लागूं देईना.

काकूंनाच तो सुचावा यांत नवल नाहीं. पहाटे उठून चाळीच्या नळाखालीं हंडा लावण्यांत त्यांचें तारुण्य गेलें. आणि चाळींत वाढलेल्या माणसाचें घर खोलीच्या उंबरठ्यापाशीं संपत नाहीं, हें आम्ही लहानपणापासून पाहत आलों आहों. आमची खोली दहा बाय बाराची, माणसें सात. पण अभ्यासाला गॅलरी होती, खेळायला अंगण होतें, वाचायला कोपऱ्यावरचें वाचनालय होतें, आणि रागावून निघून जायला चौपाटी होती! खोली लहान असूनही आम्ही कोंडलों नाहीं, तें या बाहेरच्या घराच्या जोरावर.

हें बाहेरचें घर आधीं बांधावें कीं मागाहून, या प्रश्नानें मुंबईला फार जुन्या काळापासून छळलें आहे. १८६० सालीं विहार तलावाचें पाणी शहरांत आलें, १८९२ सालीं तानसाचें आलें. परंतु आलेलें पाणी वाहून नेणारीं गटारें वस्तीच्या बरींच मागें राहिलीं. ओली जमीन, दाट चाळी आणि कोंडलेली हवा अशा या शहरावर १८९६ सालीं प्लेगची धाड आली, आणि लोक घरदार टाकून पळूं लागले. हा रोग उंदरांवरील पिसवांमुळें पसरतो, हें शास्त्राला पुढें उमगलें. पण त्या उंदरांना थारा दाटीनें आणि घाणीनेंच दिला होता. मग सरकारला जाग आली, व १८९८ सालीं सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टनें गरिबांचीं घरें पाडलीं तितक्या तत्परतेनें नवीं बांधलीं नाहींत, हा त्याचा दोष कोणी नाकारणार नाहीं. परंतु दादर-माटुंग्याकडे त्यानें एक शहाणपण दाखविलें. आधीं रस्ते आखले, बागांच्या जागा सोडल्या, आणि मग घरांसाठीं भूखंड पाडले. त्याच सुमारास, १९२५ सालीं, महापालिकेनें माहीम पार्क तयार केला. शिवजन्माच्या त्रिशतसांवत्सरिक उत्सवाच्या निमित्तानें १९२७ सालीं त्याला शिवाजी पार्क हें नांव मिळालें. सुमारें अठ्ठावीस एकरांचें तें मैदान आधीं राखलें गेलें, म्हणूनच आज तें उरलें आहे. भोंवतालचीं घरें उठल्यावर तेवढी जागा मोकळी करावयास कोण धजला असता?

लालबाग-परळची कथा याच्या अगदीं उलट आहे. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरणगांव पूर्वीसारखें कधींच गजबजलें नाहीं. ओस पडलेल्या त्या जमिनींचें काय करावें, याचा एक समंजस नियम १९९१ सालीं झाला होता. जमिनीचे तीन भाग करावे. एक महापालिकेला मोकळ्या जागा व सार्वजनिक सोयींसाठीं, एक म्हाडाला घरांसाठीं, आणि एक मालकाला. २००१ सालीं हा नियम बदलला आणि वांटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली. जिच्यावर गिरणीच्या इमारती उभ्या होत्या ती जमीन हिशेबांतून गळाली. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व २००६ सालीं बदललेला नियमच कायम झाला. शहराच्या वाट्याला यावयाचें मैदान त्यामुळें फार आखडलें. मात्र माणसें आखडलीं नाहींत. जेथें भोंगे वाजत तेथें कचेऱ्या आल्या, आणि हजारों नोकरदार रोज सकाळीं एल्फिन्स्टन रोड व परळ या स्थानकांवर उतरूं लागले. पूल मात्र जुनाच, अरुंद.

२९ सप्टेंबर २०१७ ची सकाळ आम्ही विसरूं शकत नाहीं. पाऊस कोसळत होता. आमची कन्या तेव्हां परळच्या एका कचेरींत कामाला होती व रोज त्याच पुलावरून जाई. त्या दिवशीं छत्री विसरली म्हणून ती जिन्यावरून परत फिरली, आणि तिची नेहमींची गाडी चुकली. त्या पुलावरच्या चेंगराचेंगरींत तेवीस जीव गेले. दुपारीं ती सुखरूप घरीं आली तेव्हां आम्हीं देवापुढें हात जोडले. आणि मग मनाला लाज वाटली. तेवीस घरांतल्या माणसांनींही सकाळीं देवाला हात जोडलेच असतील. पुढल्या वर्षीं लष्करानें तेथें दुसरा पूल उभारला. म्हणजे पूल होण्यासारखा होता. तो आधीं झाला नाहीं, इतकेंच.

चाळी आहेत तशाच राहाव्या, असें आमचें म्हणणें नाहीं. म्हाताऱ्या काकूंनीं रात्रीं-अपरात्रीं सार्वजनिक शौचकूपाशीं कां जावें? नवें घर हा त्यांचा हक्क आहे. अडचण निराळीच आहे. परवानगी प्रत्येक इमारतीला स्वतंत्र मिळते. गटार मात्र सर्वांचें एक. एकेका इमारतीचे कागद निर्दोष असतात, पण एका गल्लींतल्या दहा इमारतींची बेरीज त्या गल्लींतल्या रहिवाशानें विचारल्याखेरीज सहसा कोणी मांडीत नाहीं. २०१८ पासून अमलांत आलेल्या विकास आराखड्यांत बागा, शाळा, दवाखाने यांसाठीं आरक्षणें आहेत. पण नकाशावरचा हिरवा रंग म्हणजे झाड नव्हे. २०२५ सालीं गिरगांवाखालून भुयारी मेट्रो धावूं लागली, हें आनंदाचें खरें. परंतु तोंपर्यंत आमचे कितीतरी शेजारी डोंबिवली-विरारला राहावयास जाऊन म्हातारे झाले होते.

येत्या रविवारीं पुन्हा सभा आहे. देवघराच्या कोनाड्याचा प्रश्न आम्हीं मागें घेतला आहे. काकूंचा प्रश्न लेखी द्यावयाचें ठरलें असून मजकूर त्या सांगतात, आम्ही लिहितों. पाणी आणि गटार झाल्यावर त्यांनीं आणखी एक कलम घालावयास लावलें : पोरांना अंगण किती? अर्जावर आतांपर्यंत चार सह्या झाल्या आहेत. त्यांतली एक, त्या दिवशीं सर्वांत मोठ्यानें हसलेल्या गृहस्थांची आहे.