बाबा, आधी दार, मग स्पीकर

तीर्थरूप बाबा,


यवतमाळच्या दुकानातून लिहून आणलेल्या यादीचा फोटो मिळाला. नऊ इंची अँड्रॉइड स्क्रीन, मागच्या ट्रेवर सहा-बाय-नऊचे स्पीकर, डिकीत बेस ट्यूब, एक अ‍ॅम्प्लिफायर, त्यापुढे ‘१००० वॉट’ असा शेरा आणि शेवटी ‘फिटिंग फ्री’. सगळं मिळून तुमच्या वीस हजारांत बरोबर बसवलेलं. बाबा, यातलं काहीही घेऊ नका. पैसे वाचवा असं मी म्हणत नाही, वीस हजार खर्च कराच. ‘कायले पाह्यजे आता हे?’ असं आई म्हणते खरी. पण दिग्रसहून दारव्ह्यावरून यवतमाळ, पुढे कळंबवरून वर्धा-नागपूर, या वाटेवरचे तास आता तुमचे आहेत. घरात टीव्ही, कुकर आणि पाहुण्यांमधून गाणं नीट कानी पडत नाही. तुमची गाणं ऐकायची खोली म्हणजे ही जुनी वॅगन-आरच. म्हणून ती नीट लावून घ्यावी असं मला फार वाटतं, आणि त्यासाठी हे लांबलचक पत्र.

आधी त्या हजार वॉटचं बघू. वॉट म्हणजे काय हे मला तुम्हीच शिकवलंत. इंजिन चालू असताना गाडीच्या वायरिंगमध्ये साधारण १४ व्होल्ट असतात आणि गाडीच्या स्पीकरचा रोध बहुधा ४ ओहम. एवढ्याच व्होल्टवर चालणारी साध्या स्टिरिओतली चिप कितीही हुशार असली, तरी एका स्पीकरला पंचवीस-सव्वीस वॉटच्या पुढे स्वच्छ आवाज देऊच शकत नाही. प्रत्यक्षात पंधरा ते वीस मिळतात. खोक्यावर मात्र ‘५० × ४’ छापलेलं असतं, ते क्षणभराचं शिखर. सतत टिकणारा आकडा ‘आरएमएस’ या शब्दापुढे असतो, तोच वाचायचा. वेगळा अ‍ॅम्प्लिफायर हे व्होल्ट आत वाढवून घेतो, त्यामुळे त्याची ताकद खरी असू शकते; पण वीस हजारांच्या यादीतले हजार वॉट हे कागदावरचेच.

दुसरं असं की पंधरा वॉट कमी नसतात. वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे लक्ष देऊन ऐकलं तर कळेल इतका. कानाला दुप्पट मोठा वाटायचा तर वॉट जवळपास दहापट लागतात. त्यापेक्षा स्पीकरच्या खोक्यावरची ‘सेन्सिटिव्हिटी’ बघा. एकावर ८७ डेसिबल आणि दुसऱ्यावर ९० असेल, तर दुसरा स्पीकर घेणं म्हणजे फुकटात दुप्पट ताकदीचा अ‍ॅम्प्लिफायर मिळणं. दुकानात हा आकडा कोणी आपणहून सांगत नाही. तुम्ही विचारा.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे दार. स्पीकर पुढे हवा ढकलतो तेव्हा मागची हवा ओढतो. पुढची आणि मागची लाट एकमेकींना भेटली की खर्जाचा आवाज खाऊन टाकतात. तबल्याची पुडी नुसती हातात धरून वाजवली तर घुमारा येत नाही, तिला खाली डग्ग्याचं भांडं लागतं. स्पीकरचं भांडं म्हणजे दार. तुमच्या गाडीच्या दाराचं आतलं कव्हर काढलं की पत्र्याला हाताएवढी भोकं दिसतील. काच वर-खाली करणारी यंत्रणा बसवायला ती ठेवलेली असतात, आणि त्यांवर एक पातळ प्लास्टिक चिकटवलेलं असतं. जुन्या गाडीत ते निम्मं सुटलेलं असतं. बाहेरचा पत्रा इतका पातळ की डग्ग्याची थाप पडली की तोही थरथरतो. पंचवीस हजारांचा स्पीकर या दारात बसवला तरी तो पत्राच वाजवील.

म्हणून पहिले तीन-साडेतीन हजार पुढच्या दोन दारांच्या डॅम्पिंगवर. मागची दारं राहू द्या. वर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल आणि खाली ब्यूटाइल रबर, असे तक्ते मिळतात. डांबरी तक्ते स्वस्त पडतात. ते मात्र घेऊ नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ला टेकतो आणि उन्हात उभ्या गाडीत त्याहून कितीतरी वर जातो. त्या उकाड्यात डांबर मऊ पडतं, सुटतं आणि गाडीभर त्याचा वास बसतो. एक थर बाहेरच्या पत्र्याला आतून लावायचा, पूर्ण झाकायची गरज नाही, अर्धाअधिक भाग पुरतो. दुसरा थर आतल्या भोकांवर, हा मात्र फट न ठेवता. दाराच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक छिद्रं असतात, ती बुजवू देऊ नका. नाहीतर पावसाळ्यानंतर दार खालून गंजेल. कव्हर परत लावण्याआधी काच दोन-चार वेळा वर-खाली करून बघा. काम नीट झालं की नाही हे कळायला यंत्र नको. आधी आणि नंतर दारावर बोटाच्या पेराने वाजवा. ‘टण्ण’ जाऊन ‘ठप्प’ आलं पाहिजे. दार लावतानाचा आवाजही बदलेल, आणि बाहेरचा खडखडाट थोडा कमी होईल.

मग स्पीकर. एकच जोडी, पुढची. ‘कंपोनंट’ प्रकारची घ्या, म्हणजे खर्ज-मध्याचा स्पीकर दारात आणि बारीक आवाजाचा ट्विटर वेगळा, काचेच्या खांबाजवळ. पाच-सहा हजारांत नावाजलेल्या कंपनीची चांगली जोडी येते. दारातला स्पीकर आपल्या पोटरीकडे तोंड करून असतो आणि बारीक सूर सरळ रेषेत जातात, म्हणून ट्विटर वर हवा. नाहीतर गाणारा माणूस पायापाशी बसल्यासारखा वाटतो. दार आणि स्पीकर यांच्यामध्ये रिंग घट्ट बसली पाहिजे, बाजूने हवा निसटली की केलेलं डॅम्पिंग वाया. माप आधी घ्या, मग खरेदी करा. मागच्या ट्रेवरचे सहा-बाय-नऊ कशाला हवेत? तुम्ही आणि आई पुढे बसता. मैफिलीत कलाकाराकडे पाठ करून कोणी बसत नाही.

बेस ट्यूबबद्दल मला जरा जास्त राग आहे. स्वस्त ट्यूब एकाच सुरात घुमते. तबलजी डाव्या हाताचं मनगट डग्ग्यावर सरकवतो तेव्हा सूर खालून वर चढतो, त्या चढण्यातच सगळी गंमत असते. ती ट्यूब त्या साऱ्याचं एकच ‘धुम्म’ करून टाकते. लग्नाच्या वरातीतला डीजे ऐकून लोकांना तेच चांगलं वाटायला लागलंय. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत लिहिलेली आहे. रस्त्यावरून एखादी गाडी जाताना घराच्या काचा थरथरतात तेव्हा मला घरातल्या म्हाताऱ्यांची काळजी वाटते. शिवाय ट्रकचा हॉर्न आणि रुग्णवाहिकेचा भोंगा तुम्हाला ऐकू आलाच पाहिजे.

उरलेल्यांतले सात-आठ हजार स्टिरिओला. मोठी स्क्रीन नको. तुम्हाला हाताला लागणारं गोल बटण हवं, रस्त्यावरून नजर न काढता फिरवता येईल असं. शिवाय स्वस्त स्क्रीनवाल्यांत बऱ्याचदा रेडिओच धड लागत नाही, आणि आकाशवाणी यवतमाळ लागली नाही तर तुम्ही आठवडाभर बोलणार नाही हे मला माहीत आहे. पायोनियर, केनवुड, सोनी यांच्या काही साध्या स्टिरिओंत ‘टाइम अलाइनमेंट’ असतं. ते असलेलाच मागा.

ते काय करतं ते तुम्हाला आवडेल. तुम्ही उजवीकडे बसता. उजव्या दाराचा स्पीकर समजा तुमच्या कानापासून ९० सेंटिमीटरवर आहे आणि डाव्याचा १३५वर. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, म्हणजे डावा आवाज सव्वा मिलिसेकंद उशिरा पोचतो. एवढ्याशा फरकानेही गायक उजव्या दाराला चिकटतो. स्टिरिओ उजव्या स्पीकरला तेवढा वेळ थांबवतो, आणि गायक समोर डॅशबोर्डच्या मध्यावर येऊन बसतो. गाडी ऐकण्यासाठी वाईट जागा आहे, एकीकडे काच, दुसरीकडे गादी. पण एक गोष्ट तिच्याइतकी दुसऱ्या कुठल्याच खोलीत पक्की नसते, ऐकणाऱ्याचा कान कुठे आहे ही. अमर बोस यांनी याच भरवशावर जनरल मोटर्सच्या गाड्यांसाठी, त्या-त्या गाडीच्या आतल्या भागाला जुळवून घेतलेली यंत्रणा तयार केली. ती १९८३च्या मॉडेलांमध्ये आली. बोस यांचे वडील बंगालमधून अमेरिकेत गेलेले, ते स्वतः एमआयटीत प्राध्यापक. आज तीच कल्पना सात हजारांच्या डब्यात मिळते. मात्र आई शेजारी असली तर ही सोय तुमच्यासाठी चांगली आणि तिच्यासाठी वाईट. सेटिंगमध्ये बसण्याची जागा निवडता येते. ती सोबत असताना ‘फ्रंट’ ठेवा, एकटे असताना ‘फ्रंट राइट’.

एक नाजूक गोष्ट लिहू का? हल्ली तुम्ही फोनवर ‘काय म्हणालीस?’ असं बरेचदा विचारता. वय वाढलं की वरचे सूर आधी कमी ऐकू येतात. स, श, फ ही अक्षरं त्याच पट्टीत असतात, म्हणून आवाज येतो पण शब्द लागत नाही. अशा वेळी माणूस व्हॉल्यूम वाढवतो, आणि त्याने उरलेल्या कानावर ताण येतो. स्टिरिओचा मधला आणि वरचा भाग थोडा उचलला, खर्ज थोडा उतरवला, तर कमी आवाजातही शब्द सुटा होतो. पण हे करण्याआधी यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कान तपासून घ्या. स्टिरिओपेक्षा हे काम आधी.

आता गाणी. तुमच्या फोनमधली निम्मी गाणी व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली आहेत, दाबून-दाबून चोथा झालेली. चांगल्या स्पीकरवर ती आणखी वाईट वाजतील, कारण दोषही स्पष्ट ऐकू येतील. तुमच्या सीड्या घेऊन मी नीट पेनड्राइव्ह करून पाठवते. जुन्या ७८च्या तबकड्यांवरून उतरवलेल्या नाट्यपदांत मात्र ना फार खालचा खर्ज आहे, ना फार वरचे सूर. त्यांच्यासाठी मध्य स्वच्छ असला की झालं. नवीन जोडी दुकानात ऐकताना दुकानदाराला त्याची धडधडणारी गाणी लावू देऊ नका. वसंतराव देशपांड्यांचं लावा. आपल्या यवतमाळच्या शकुंतला रेल्वेच्या वाटेवरचं जे मूर्तिजापूर, तिथे १९२० साली जन्मलेला हा गळा. १९६७च्या ‘कट्यार काळजात घुसली’मधले त्यांचे खाँसाहेब तुम्हाला तोंडपाठ आहेत. तान वेगाने खाली येते तेव्हा प्रत्येक सूर सुटा ऐकू आला पाहिजे. तिथे गिचमीड झाली तर जोडी परत द्या. दुसरं, आईची तुकडोजी महाराजांची भजनं. खंजिरीच्या चकत्या कानाला टोचत असतील तर ट्विटर कर्कश आहे. ती खणखणीत वाजली पाहिजे आणि तरी तासभर ऐकवली पाहिजे. या दोन परीक्षांत उतरेल ते आपलं.

फिटिंग फ्री नको, दीड-दोन हजार द्या आणि समोर बसून करून घ्या. गाडीच्या मूळ वायरी कापायच्या नाहीत, कपलर लावायचा. दोन्ही स्पीकरच्या अधिक-उणे वायरी सारख्याच जोडल्यात का हे पाहायला तुम्ही वर्गात वापरायचात तसा दीड व्होल्टचा सेल न्या. स्टिरिओ जोडण्याआधी स्पीकरच्या वायरींना क्षणभर टेकवा, दोन्हींचे पडदे एकाच दिशेला सरकले पाहिजेत. एक उलटा असेल तर खर्ज गायब होतो आणि दुकानदार म्हणतो, ‘सर, बेस ट्यूब घ्या.’ पुढेमागे अ‍ॅम्प्लिफायर घ्यावासा वाटला तर बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज आणि अस्सल तांब्याची वायर, या दोन गोष्टींत तडजोड नको. आत्ता त्याची गरज नाही.

ट्विटर मात्र कायमचे चिकटवू नका. दोन्ही बाजूंना चिकटणाऱ्या टेपवर ठेवायला सांगा. दिवाळीला आले की तुम्ही उजवीकडे, आई डावीकडे आणि मी मागे, असे दारव्ह्यापर्यंत जाऊ आणि त्यांचा कोन ठरवू. निघण्याआधी आईला विचारून तिला हवी असलेली गाणी मला लिहून पाठवा, तुम्ही नेहमी तुमचीच लावता.

तुमची,
धाकटी