एका भात्याचं ऋण

मी पियानोवर छोटे छोटे तुकडे वाजवतो. ते कुणी लिहून ठेवलेले नसतात. बोटं पट्ट्यांवर ठेवल्यावर जे सुचेल ते, दीड-दोन मिनिटांत संपणारं. ऐकणाऱ्यांना वाटतं, हे पियानो शिकल्यामुळे आलं. खरं तर ते आलं आमगावच्या एका जुन्या हातपेटीतून आणि ती वाजवणाऱ्या मास्तरांकडून. त्यांचं नाव लिहीत नाही. गावाला ते पेटीमास्तर म्हणूनच ठाऊक होते.

मास्तर दिवसा राइस मिलमध्ये पोत्यांचा हिशेब ठेवायचे. संध्याकाळी घरी आले की अंगाला उकड्या धानाचा वास असायचा. भजनात पेटी त्यांचीच. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की दंडारीला, नाटकाला बोलावणं यायचं. रात्रभर साथ करून सकाळी पुन्हा मिलवर हजर. मी दहा वर्षांचा असताना आई मला त्यांच्याकडे घेऊन गेली. फीचं विचारलं तर म्हणाले, "पोरगा रोज येऊ द्या बाई, बस." आई दर हंगामात नव्या तांदळाची पायली पाठवायची, तेवढंच.

सहा महिने अलंकारच घोटले. मग एका पावसाळी संध्याकाळी त्यांनी निराळंच काही काढलं. दोन-तीनदा भाता मारून पेटीच्या पोटात हवा भरायची आणि डावा हात काढून घ्यायचा. ती हवा सरेपर्यंत उजव्या हातानं सुचेल ते वाजवायचं. दोन पट्ट्या एकदम दाबल्या तर हवा लगेच संपते. एकेक सूर जपून लावला तर थोडी टिकते. शेवटी सूर बारीक होत जातो, आणि मग पट्टी दाबलेली असते पण नुसता उसासा ऐकू येतो. तो उसासा विरला की मास्तर विचारायचे, "का दिसलं गा?"

पहिल्या दिवशी मी म्हणालो, "काहीच नाही." ते म्हणाले, "बरं. भर पुन्हा." रागावले नाहीत, सुचवलंही नाही काही. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी सांगितलं, "फाटक पडलंय आणि मालगाडी संपतच नाहीये." आमचं गाव हावड्याला जाणाऱ्या लाइनीवर, कोळशाच्या गाड्या आम्ही जन्मापासून मोजत आलेलो. मास्तरांनी विचारलं, "डबे रिकामे का भरलेले?"

"भरलेले."

"मग एवढ्या लवकर कसे गेले?"

मी पुन्हा हवा भरली. या वेळी खालच्या सप्तकात उतरलो, सूर लांबवले. चार सुरांतच भाता संपला. मास्तर म्हणाले, "आता वजन आलं."

पुढे एकदा त्यांनी मला सायकलवर पुढच्या दांडीवर बसवून धानाच्या बांध्यांकडे नेलं. रोवणी झालेली, पाण्यात आभाळ उतरलेलं, आणि बांधीच्या मधोमध सारसांची जोडी. नर मान वर करून एक लांब हाक देतो, मादी तिच्यावर दोन आखूड हाका घालते. आम्ही बराच वेळ उभे होतो. परतताना मास्तर एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर मी न सांगता पेटी उघडली. एक लांब, दोन आखूड. ती चाल आजही माझ्या बोटांत आहे.

मास्तरांच्या प्रश्नावरून मला संस्कृत नाटककार भवभूती आठवतो. पदमपूर आमच्या गावाला लागूनच. भवभूतीनं आपलं गाव म्हणून सांगितलेलं विदर्भातलं पद्मपूर ते हेच, असं संशोधक वा. वि. मिराशींनी मांडलं. आमगावच्या कॉलेजलाही भवभूतीचंच नाव आहे. त्याच्या 'उत्तररामचरिता'च्या पहिल्या अंकात राम-सीता आपल्याच वनवासाची चित्रं बघतात. शूर्पणखेपाशी येताच सीता इतकी घाबरते की रामाला तिला समजवावं लागतं, अगं, हे चित्र आहे. मास्तरांनी हे नाटक वाचलेलं नव्हतं. पण सूर ऐकता ऐकता फाटकापाशी जाऊन उभं राहणं म्हणजे काय, ते त्यांना पुरतं कळलेलं होतं.

नोकरीसाठी नागपूरला आलो आणि पियानो शिकायला लागलो. कित्येक आठवडे माझा डावा हात काही करून पट्ट्यांवर ठरेना. मांडीवर येऊन भाता मारल्यासारखा हलत राहायचा. पेटीनं हात बिघडवलाय, असं मला तिथे ऐकवलं गेलं. ते फार लागलं. पेटीच्या वाट्याला हे नेहमीच आलं आहे. आकाशवाणीनं १९४० साली तिच्यावर बंदी घातली, ती उठू लागायला १९७१ उजाडावं लागलं. पेटीचा सूर हवा असेतो उभा राहतो, पियानोचा सूर वाजल्या क्षणापासून विरू लागतो. हा फरक मला कुणी समजावून सांगावा लागला नाही. संपत जाणाऱ्या हवेची सवय मला आधीपासून होती. माझे तुकडे छोटे असतात ते त्यामुळेच.

नंतर कधीतरी संगीतकार देबुसीची पियानोसाठीची प्रेल्यूड्स हाती आली. पहिला संच १९१० चा, बारा तुकड्यांचा. प्रत्येक तुकड्याचं नाव त्यानं सुरुवातीला दिलेलं नाही. शेवटच्या ओळीखाली, कंसात, टिंबं देऊन छापलं आहे. आधी वाजवा, मग नाव. ते पान पाहिलं आणि मला मिलमधून आलेल्या माणसाचा आवाज ऐकू आला. माझा गळा दाटून आला. त्या दिवशी मी पुढे वाजवू शकलो नाही.

शेवटचा भेटलो तेव्हा मास्तर खाटेवर होते. डाव्या हातातली ताकद गेली होती. पेटी कोनाड्यात, वर फडकं टाकलेलं. मी ती खाली घेतली, त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि समोर बसून भाता मारू लागलो. त्यांचा उजवा हात पट्ट्यांवर आला. बोटं कापत होती, पण सूर नेमके लागत होते. पाच-सहा सूर वाजले असतील. मी हात थांबवला. हवा सरत गेली, उसासा आला, विरला.

इतक्या वर्षांत त्यांना काय दिसतं ते मी कधीच विचारलं नव्हतं. म्हटलं, "मास्तर, का दिसलं?"

ते डोळे मिटूनच म्हणाले, "बोडीवर माय कपडे धुऊन रायली."

मी पुन्हा भाता भरला.