मध्यरेषेवरची दोन बोटं

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा अमेरिकेत, टेक्सासमध्ये, शाळेच्या संघातून फुटबॉल खेळतो. फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे बरं का. लांबट चेंडू काखेत दाबून पळायचं आणि समोरच्यांनी अंगावर येऊन पाडायचं, असा तो खेळ. गेल्या दिवाळीत त्याने आपल्या सामन्याची चित्रफीत पाठवली. हा चेंडू घेऊन घुसला, तिघांनी कमरेला धरलं आणि चांगलं तीन-चार पावलं मागे रेटून आपटलं. पण पंचाने चेंडू ठेवला तो आपटल्या जागी नाही, तर पुढे, जिथवर तो पोचला होता तिथे.

माझी धाकटी कबड्डी खेळते. ती फोनवरच कडाडली, "दादा, ही तर शुद्ध लबाडी! मागे रेटलं ना तुला? मग चेंडूपण मागेच हवा."

त्याने समजावून सांगितलं ते मलाही पटलं. त्यांचं मैदान शंभर यार्डांचं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, तर चेंडू आपल्याकडे राहतो. नाही तर समोरच्यांकडे जातो. म्हणून इंच-इंच मोलाचा. चेंडूवाल्याला समोरच्यांनी मागे ढकललं, तर तो स्वतःच्या बळावर जास्तीत जास्त जिथवर गेला ती जागा त्याची. असा नियम नसता तर सात-आठ जणांनी मिळून त्याला उचलून पार मागच्या टोकाला नेऊन टाकलं असतं.

ही जागा ठरवतो मैदानाच्या कडेला उभा असलेला पंच. चेंडूवाल्याबरोबर तो कडेने पळतो आणि पुढची चाल थांबली असं वाटलं की तिथे पाय रोवतो. मध्ये डझनभर आडदांड पोरांचा ढीग, चेंडू कुणाच्या तरी पोटाखाली. म्हणजे पाय रोवायचा तो बराचसा अंदाजानेच! गंमत पुढेच आहे. अशा अंदाजाने ठेवलेला चेंडू दहा यार्डांपर्यंत पोचला की नाही हे मग साखळी ताणून बोटभर अंतरापर्यंत तपासायचं. २०२५ पासून तिथल्या व्यावसायिक स्पर्धेत हे मोजमाप कॅमेरे करतात. पण चेंडू कुठे ठेवायचा, ते अजून माणसाचा डोळाच ठरवतो. मला हे आपल्या जमिनीच्या मोजणीसारखं वाटलं. साखळी बिनचूक, पण खुंटी कुणी ठोकली?

मोजणीवरून आठवलं, आम्ही राहतो ते बारडोली. १९२८ साली इथल्या शेतकऱ्यांनी सारा भरायचा नाही असं ठरवलं, तेव्हा त्यांचं मुख्य मागणं निःपक्ष चौकशीचं होतं. सरकारने २२ टक्के वाढवलेला सारा चौकशीअंती सहा टक्क्यांच्या आसपास आला. तेव्हा पंचाकडे "पुन्हा बघा" म्हणायची इथल्या मातीला सवय आहे, असं आमचे हे चेष्टेने म्हणतात.

कबड्डीत मात्र पुढे कुठवर गेलात याला तेवढी किंमत नाही. परत आलात की नाही, ते महत्त्वाचं. महिलांचं मैदान १२ मीटर लांब, ८ मीटर रुंद. चढाई तीस सेकंदांची. तेवढ्यात समोरच्या अंगणात जायचं, कुणाला तरी शिवायचं आणि मध्यरेषेच्या अलीकडे यायचं. पकड झाली तरी खेळ संपत नाही. चौघींनी घट्ट धरलं तरी फरफटत येऊन हाताची बोटं आपल्या बाजूला टेकली, तर चढाई करणारी वाचली आणि तिला धरणाऱ्या चौघी बाद. अट एकच, दम चालू हवा. "कबड्डी, कबड्डी" तुटलं की सगळं फुकट.

म्हणजे तिकडे माणूस थांबला हे पंच ठरवतो. चेंडूवाल्याचे पाय अजून रेटत असतील आणि शिट्टी लवकर वाजली, तर त्याच्यावर अन्याय. उशिरा वाजली तर हाड मोडायची भीती. आपल्याकडे थांबल्याचं सांगतो तो आपलाच श्वास, आणि पंचाने तो नुसता ऐकायचा असतो. ऐकणं सोपं आहे का? डोळे रेषेवर, कान तोंडाकडे आणि भोवती गावभरचा आरडाओरडा.

मागच्या हिवाळ्यात एका गावी सामना होता. गावाचं नाव लिहीत नाही. एका गुणाने पिछाडी, शेवटची चढाई आमच्या मुलीची. कोपऱ्यातल्या मुलीने घोटा धरला, बाकीच्या पाठीवर पडल्या. ही पालथी पडली आणि तशीच सरपटत आली. तिची दोन बोटं रेषेच्या अलीकडे मातीत रुतलेली मी पाहिली. सासूबाई चिकोडीच्या, एरवी मैदानावर तोंडातून शब्द काढत नाहीत. त्या उभ्या राहून ओरडल्या, "मुट्टिदळु! मुट्टिदळु!" पंचांनी शिट्टी वाजवली आणि मुलीला बाद दिलं. बोटं पोचली, पण दम त्याआधी तुटला होता, असं त्यांचं म्हणणं.

२०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डीत आता संघाला कॅमेऱ्यातून फेरतपासणी मागता येते. गावच्या मैदानावर कुठला कॅमेरा? त्या सामन्यानंतर निवड होती, ती हुकली. परतीच्या एसटीत मुलगी खिडकीबाहेर बघत बसली. नंतर तीन आठवडे तिने बूट काढले नाहीत. दम तुटला होता का, असं मी तिला विचारलं नाही. तिचं तोंड मातीत होतं. तिलाही ते ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

आमच्याकडे उसाच्या हंगामात खानदेशातून, डांगातून तोडणीची माणसं येतात. घरामागच्या पडीत त्यांची पालं पडतात. आईबाप फडात गेले की पोरं पाचटाच्या राखेने रेषा आखून कबड्डी खेळतात. भांडणं झाली की "ताई, तू पंच हो" म्हणून आमचं दार वाजवतात. पहिल्यांदा तिने नाही म्हटलं. मग एका संध्याकाळी गेली ती रोजच जायला लागली. मी गच्चीतून बघते. झटापट सुरू झाली की ही रेषेजवळ चक्क पोटावर आडवी होते, गाल मातीला लावून.

परवा एक चिमुरडी अशीच सरपटत आली, हात रेषेपलीकडे टाकला, आणि आमच्या बाईसाहेबांनी तिला बाद दिलं. पोरगी पाय आपटत पालात निघून गेली. रात्री जेवताना मुलगी म्हणाली, "अज्जी, हात पोचला होता गं तिचा. पण दम आधी तुटला."

सासूबाईंनी भाकरी मोडता मोडता विचारलं, "निनग केळस्तेन?"

"केळस्तु," ती म्हणाली आणि ताटात आमटी वाढून घेतली.