रिकामे आसन : चित्रपटीय वाहनांच्या प्रतिकृती आणि 'मूळ पाठा'चा प्रश्न

चित्रपटांतून प्रसिद्धी पावलेल्या वाहनांच्या धातूच्या लहान प्रतिकृती मी गेली काही वर्षे जमवितो आहे. मराठीच्या अध्यापकाने पोथ्या जमवाव्यात, बंद पडलेल्या नियतकालिकांचे अंक जमवावेत, हे रीतीला धरून झाले असते. खेळण्यातल्या मोटारी जमविणे हा सहकाऱ्यांच्या लेखी एक निरुपद्रवी चाळा आहे. मला मात्र तो तितकासा निरुपद्रवी वाटत नाही. माझे पीएच.डी.चे काम पाठचिकित्सेतील आहे, आणि तेथे ज्या प्रश्नाला मी केवळ पद्धतीच्या अंगाने सामोरा गेलो तोच प्रश्न या वस्तूंनी अधिक अडचणीच्या रूपात माझ्यापुढे ठेवला आहे : प्रतीने ज्या मुळाशी प्रामाणिक राहावे असे आपण म्हणतो, ते मूळ नेमके कोठे असते?

साध्या प्रतिकृतीच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवत नाही. जस्ताच्या मिश्रधातूचा रस पोलादी साच्यात दाबाने भरून ॲम्बॅसिडरची लहान मोटार ओतली, तर तिचे निर्देश्य रस्त्यावर उभे असते. मोजपट्टी घेऊन प्रमाण ताडता येते, चूक दाखविता येते. चित्रपटातील वाहनाचे निर्देश्य मात्र एका कथनात असते, आणि ते कथनही बहुधा एकटे नसते.

जेम्स बाँडच्या मोटारीचे उदाहरण घेऊ. इयान फ्लेमिंगच्या 'गोल्डफिंगर' (१९५९) या कादंबरीत बाँड करड्या रंगाची ॲस्टन मार्टिन डीबी मार्क ३ चालवितो. तिच्यात काही गुप्त सोयी आहेत, परंतु शेजारच्या माणसाला छतातून उडवून देणारे आसन नाही. ते १९६४ च्या चित्रपटाने आणले, आणि मोटारही बदलून रुपेरी डीबी ५ केली. ऑक्टोबर १९६५ मध्ये मेटॉय कंपनीच्या स्वान्झी येथील कारखान्यातून 'कॉर्गी टॉईज'ची २६१ क्रमांकाची प्रतिकृती बाहेर पडली, ती सोनेरी रंगाची. रुपेरी रंग दिल्यास मोटार बिनरंगाची, नुसत्या धातूची वाटेल, हे त्यामागील कारण. शिवाय ती डीबी ५ म्हणून विकली गेली तरी कारखान्याने आपल्या आधीच्या डीबी ४ च्या प्रतिकृतीत फेरफार करूनच ती सिद्ध केली होती. १९६८ मध्ये २७० क्रमांकाची सुधारित आवृत्ती आली. ती रुपेरी होती, तिच्या क्रमांकपट्ट्या फिरत होत्या, चाकांतून टायर फाडणारी पाती बाहेर येत होती. चित्रपटाशी प्रामाणिक म्हणावी ती हीच. तरीही संग्राहकांच्या बोलण्यात 'मूळ' हे विशेषण लागते ते १९६५ च्या सोनेरी मोटारीला. म्हणजे चुकीचा पाठच परंपरेत प्रमाण ठरला. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला यात नवल वाटू नये.

चित्रीकरणात वापरलेल्या खऱ्या मोटारीची कथा तर याहून बोलकी आहे. चित्रपटानंतर ॲस्टन मार्टिन कंपनीने तिच्यातील सारी करामती यंत्रणा काढून टाकली आणि ती साधी मोटार म्हणून विकली. पुढच्या मालकांनी तिच्यात नवी, अर्थात मूळ नसलेली, यंत्रणा बसविली. १९९७ मध्ये ती अमेरिकेत फ्लोरिडातून चोरीला गेली. खेळण्यांनी आपल्या करामती जपल्या, आणि ज्याच्यावरून ती घडली त्यानेच त्या गमावल्या. येथे मला लीळाचरित्राची आठवण होणे अपरिहार्य आहे. म्हाइंभटांनी सिद्ध केलेली प्रत खालशाच्या धाडीत नाहीशी झाली, असे महानुभाव परंपरा सांगते. पुढचे पाठ हिराइसेसारख्यांच्या स्मरणातून उभे राहिले. एका धर्मग्रंथाची खेळण्याशी तुलना करण्याचा माझा हेतू नाही. प्रक्रियेतील साम्य तेवढे मी दाखवीत आहे. मूळ हरविल्यावर प्रती निराधार होत नाहीत, उलट मुळाचा भार त्यांच्यावर येऊन पडतो.

तर मग या प्रतिकृती जपतात काय? माझे उत्तर व्याकरणाच्या भाषेत देतो. साधी प्रतिकृती नाम असते, चित्रपटीय वाहनाची प्रतिकृती हे क्रियापद असते. २६१ मध्ये बाजूची कळ दाबली की छत उघडून प्रवासी बाहेर फेकला जातो, धूर सोडणाऱ्या नळ्या दाबल्या की मागील गोळीरोधक पडदा वर येतो. १९६६ च्या बॅटमोबाइलमधून अग्निबाण सुटतात. १९७७ च्या लोटस एस्प्रिटला पाण्याखाली वावरण्यासाठी पंखे फुटतात. १९६८ च्या 'चिटी चिटी बँग बँग'ला तर चक्क पंख फुटतात. त्या चित्रपटात मोटार उडते ती बव्हंशी एका बापाने मुलांना सांगितलेल्या गोष्टीत. म्हणजे माझ्या कपाटातील तो तुकडा कथेतल्या कथेची प्रतिकृती आहे, आणि त्याचा तरफदांडा ओढला की तरीही पंख उघडतात.

यावर रोलाँ बार्थचा आक्षेप उभा राहतो. 'मिथॉलॉजीज' (१९५७) मधील खेळण्यांवरील टिपणात त्याने म्हटले आहे की, अशी तयार खेळणी मुलाला निर्माता होऊ देत नाहीत, केवळ मालक आणि वापरकर्ता करतात. एका कळीतून एकच क्रिया निघते, ही गोष्ट खरी आहे. तथापि संग्राहकांच्या बाजाराने बार्थच्याही पुढे मजल मारली आहे. तेथे सर्वांत अधिक किंमत येते ती जिची कळ कधी दाबली गेली नाही, जिची पेटी कोरी आहे, अशा मोटारीला. क्रियापदाचे नाम करून ठेवणे हाच येथे संग्रहाचा आदर्श ठरतो. न वाचलेल्या पुस्तकाला उत्तम प्रत म्हणण्यासारखेच हे आहे.

माझ्याकडील २६१ मुंबईच्या चोरबाजारातून आलेली. पेटी नाही, सोनेरी रंग कडांवर उडालेला, आणि आसनावरचा माणूस नाही. तो हरवणार हे कारखान्याला ठाऊक होते. पेटीतील गुप्त सूचनांच्या पाकिटात एक जादा माणूस दिलेला असे. माझ्या मोटारीतून तोही गेला आहे. आज असे माणूस नव्याने करून विकले जातात. मागविला तर आठवड्याभरात येईल. संपादक म्हणून मी अशा जागा पाहिल्या आहेत. पोथीचे पान किडीने खाल्लेले असते, दुसऱ्या प्रतीवरून अक्षरे भरता येतात, आणि कंसात भरली तर ते प्रामाणिकही ठरते. पण येथे कंस कोठे घालावयाचा? आणि ही जागा किडीने खाल्लेली नाही. ती कोणा मुलाने ती कळ पुन्हा पुन्हा दाबल्यामुळे, म्हणजे पाठ जसा वाचावयाचा तसाच वाचल्यामुळे, रिकामी झाली आहे. ही अनुपस्थिती पाठाचा दोष नव्हे, वाचनाची नोंद आहे. म्हणून मी माणूस मागविला नाही.

माझ्यामागे या कपाटाचे काय व्हावे, हा प्रश्न अलीकडे मला विचारला जातो. विकले तर बरी रक्कम येईल, असेही सुचविले जाते. या प्रश्नाचा विचार करताना मला ऋत्विक घटकांचा 'अजांत्रिक' (१९५८) आठवतो. सुबोध घोषांच्या कथेवरील त्या चित्रपटात बिमलची जगद्दल ही जुनाट शेव्हरोले अखेर भंगारात जाते, आणि तिचा भोंगा तेवढा एका लहान मुलाच्या हाती खेळणे म्हणून उरतो. बिमल ते पाहून हसतो. जगद्दलची प्रतिकृती माझ्या संग्रहात नाही, आणि ती असावी असा हट्टही नाही. घटकांनी तिचे खेळणे स्वतःच करून ठेवले आहे, तेही तिच्या सर्वांत जिवंत अवयवाचे.

मी भाच्याला कपाटाची किल्ली कोठे असते ते सांगून ठेवले आहे. त्याने मोटारी विकाव्यात की वापराव्यात, हे मी लिहून ठेवणार नाही. संपादकाचा अधिकार प्रत सिद्ध करण्यापर्यंतच असतो.