वडिलांसह विजापूर-बदामी

पुण्याहून सोलापूरमार्गे बदामीस मोटारीने निघणार असाल, तर पहिला मुक्काम विजापूरलाच करा. अंतर सुमारे ३५० किलोमीटर. वयस्करांना एका दिवसास एवढे पुरे. दर दीड-दोन तासांनी उतरून पाच मिनिटे चालावे, म्हणजे पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका कमी होतो. इन्सुलिन डिकीत नव्हे, थंड पिशवीत जवळ असावे.

मागील खेपेस माझ्या वडिलांनी वाटेत लघवीला थांबावे लागू नये म्हणून पाणीच घेतले नाही. रक्तदाबाची, लघवी वाढवणारी गोळी मात्र घेतली. मोहोळपाशी उतरताना त्यांचा तोल गेला. डॉक्टरच्या घरी हे घडले! वडीलधारी माणसे संकोचाने बोलत नाहीत. गाडी आपणच थांबवावी. हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाणी किती घ्यावे, हे निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारा.

गोलघुमटाचा सज्जा अरुंद जिन्याने सात मजले वर आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी तो अवाढव्य घुमट खालूनच पाहावा. बदामीच्या लेण्यांनाही पायऱ्या आहेत. मलप्रभेकाठच्या पट्टदकलचे आवार मात्र सपाट. दगड तापण्याआधी, सकाळीच जा. आठव्या शतकातील विरूपाक्ष मंदिराच्या सावलीत बसून वडिलांनी या वेळी पाण्याची बाटली स्वतःहून मागितली.